गंभीर कथासाहित्याचा सूर काळोखा का असतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कथा-कादंबऱ्यांची आवड असलेले, पण 'साहित्यिक' म्हणून गौरवल्या जाणाऱ्या पुस्तकांपाशी येऊन अडखळणारे वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. प्रश्नांचा सूर कधी कुतूहलाचा असतो, तर कधी सरळ तक्रारीचा. आणि तक्रारीतही बरेच तथ्य आहे.

गंभीर कथासाहित्य खरोखरच इतके काळोखे असते, की ही नुसती समजूत आहे?

समजुतीला आधार आहे, पण तिच्यात तीन निराळ्या गोष्टींची सरमिसळ झालेली असते. दुःखाचा विषय, दुःखद शेवट आणि काळोखा सूर या तिन्ही गोष्टी एकाच पुस्तकात एकत्र येतीलच असे नाही. साने गुरुजींच्या 'श्यामची आई'मध्ये दारिद्र्य आहे, मानहानी आहे, अखेरीस आईचा मृत्यू आहे, आणि १९३५ पासून वाचकांच्या कित्येक पिढ्या ते पुस्तक वाचताना रडत आल्या आहेत; तरीही त्याला काळोखे पुस्तक असे कोणी म्हणणार नाही, कारण चांगुलपणा वाया जात नाही यावर त्यातल्या निवेदकाची अढळ श्रद्धा आहे. याउलट एखाद्या कादंबरीत कोणीच मरत नाही, शेवटी दोघांचे लग्नही होते, पण त्या लग्नाकडे पाहणारी लेखकाची नजर अशी असते की वाचकाच्या पोटात खड्डा पडावा. सूर ठरतो तो या नजरेवरून, घटनांच्या यादीवरून नव्हे.

शिवाय गंभीर म्हणजे काळोखे, हे समीकरण सरसकट कधीच खरे नव्हते. जेन ऑस्टेनने पूर्ण केलेल्या सहाही कादंबऱ्या विवाहाशी येऊन थांबतात आणि त्यांच्या गांभीर्याविषयी आज कोणी शंका घेत नाही. तेव्हा 'नेहमी' हा शब्द काढून 'पुष्कळदा' हा शब्द घातला, तर प्रश्न रास्त ठरतो.

मग हा काळोख येतो तरी कोठून?

माझ्या मते मुख्य कारण कथेच्या रचनेत आहे. कोणतीही गोष्ट काहीतरी बिघडल्यावरच सुरू होते, आणि हे रंजनप्रधान कथेलाही तितकेच लागू आहे. रहस्यकथेत तर पहिल्याच प्रकरणात मुडदा पडतो. फरक पडतो तो पुढे. रंजनप्रधान कथा वाचकाला आरंभीच एक न बोललेले वचन देते की हा गुंता सुटेल, गुन्हेगार सापडेल आणि झालेल्या नुकसानीची कोठे ना कोठे भरपाई होईल. गंभीर कथा असे वचन देत नाही. ती एका कृतीचे परिणाम धरून चालत राहते आणि ते परिणाम जेथे नेतील तेथपर्यंत जाते. मध्येच पात्राची दया आली म्हणून लेखक हात घालून त्याला बाहेर काढत नाही. रहस्यकथेत खून झालेल्या माणसाची बायको पन्नासाव्या पानापर्यंत विस्मृतीत गेलेली असते. गंभीर कादंबरी बहुधा तिच्यापासूनच सुरू होईल.

रशियन लेखक चेकॉव्हची १८८६ सालची एक छोटी कथा या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. बर्फ पडत असलेल्या एका संध्याकाळी आयोना नावाचा म्हातारा गाडीवान आपल्या घोडीसह गिऱ्हाइकाची वाट पाहत बसला आहे. त्याचा मुलगा त्याच आठवड्यात वारला आहे आणि ते कोणाला तरी सांगावे, एवढीच त्याची इच्छा आहे. पहिले गिऱ्हाईक एक लष्करी अधिकारी असतो. आयोना मागे वळून सांगू लागतो, अधिकारी 'कशाने गेला?' असे विचारतोही. पण मग गाडी नीट हाकण्याविषयी बजावतो आणि डोळे मिटून घेतो. पुढे तीन टवाळ तरुण येतात. त्यांतला एक 'आपण सगळेच मरणार आहोत' असे म्हणून गाडी जोरात हाकायला सांगतो. रात्री मुक्कामाच्या ठिकाणी पाणी पिण्यासाठी उठलेला एक तरुण गाडीवान दिसतो, म्हणून आयोना त्याच्याशी बोलू पाहतो, तोवर त्याने पांघरूण डोक्यावर ओढलेले असते. शेवटी म्हातारा तबेल्यात जातो आणि वैरण चघळणाऱ्या घोडीला सगळे सांगतो.

या कथेत खलनायक नाही. मुलाचा मृत्यू तर कथा सुरू होण्यापूर्वीच घडून गेला आहे. काळोख आहे तो प्रत्येकाच्या साध्या घाईत, झोपेत आणि गुंगीत, जी आपल्यापैकी कोणाचीही असू शकते. तिसऱ्या किंवा चौथ्या माणसाने आयोनाचे ऐकून घेतले असते, तर वाचकाला बरे वाटले असते खरे. पण मग ती एका भल्या माणसाची गोष्ट झाली असती आणि न ऐकणाऱ्यांविषयी आपल्याला काहीच कळले नसते.

दुसरेही एक कारण आहे. कादंबरी माणसाच्या मनात शिरू शकते, आणि जी लाज, असूया किंवा भीती आपण चारचौघांत बोलत नाही, तीच तेथे आधी भेटते. चारचौघांतल्या माणसापेक्षा मनातला माणूस काळा दिसतो, याचे कारण तो वाईट असतो असे नव्हे, तर तेथे तो आवरून-सावरून बसलेला नसतो.

दुःखाची गोष्ट वाचून आनंद कसा काय मिळतो?

हा फार जुना प्रश्न आहे. इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने त्याची दोन उत्तरे दिली. शोकात्म नाटक करुणा आणि भय जागवून त्या भावनांचे विरेचन करते, म्हणजे त्यांचा निचरा करते, हे त्याचे मत सर्वत्र सांगितले जाते. पण मला त्याचे दुसरे, अधिक साधे निरीक्षण जास्त पटते. ज्या वस्तू प्रत्यक्ष पाहताना आपल्याला त्रास होतो, उदाहरणार्थ किळसवाणे प्राणी किंवा प्रेते, त्यांची हुबेहूब चित्रे मात्र आपण आवडीने पाहतो, कारण ओळखण्यात आणि जाणून घेण्यात माणसाला आनंद वाटतो, असे तो म्हणतो.

भारतीय साहित्यशास्त्रातही यावर मोठा वाद झाला. भट्टनायक आणि अभिनवगुप्त यांच्या परंपरेत रस हा मुळातच आनंदरूप मानला जातो. रंगमंचावरचा शोक माझा किंवा तुझा न राहता सर्वसाधारण होतो आणि म्हणून तो डाचत नाही. पण बाराव्या शतकात 'नाट्यदर्पण' लिहिणाऱ्या रामचंद्र आणि गुणचंद्र या जैन आचार्यांना हे मान्य नव्हते. करुण, रौद्र, बीभत्स आणि भयानक हे रस दुःखात्मकच आहेत, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. प्रेक्षक तरीही नाटकाला जातो, तो कवीच्या आणि नटाच्या कौशल्याने चकित होतो म्हणून. स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम १७५७ च्या आपल्या निबंधात याच्या अगदी जवळ येतो: वर्णनाच्या सौंदर्यातून मिळणारा आनंद इतका प्रबळ असतो की दुःखाचा आवेगही त्याच्याच प्रवाहात ओढला जातो. सहाशे वर्षांच्या अंतराने आणि एकमेकांची काहीही माहिती नसताना ही माणसे एकाच ठिकाणी पोहोचली, ही गोष्ट योगायोगाहून अधिक काही सांगते. काळोखी गोष्ट वाईट लिहिलेली असली तर ती केवळ त्रास देते, हा अनुभव ज्यांना आहे, त्यांना नाट्यदर्पणकारांचे म्हणणे लगेच पटेल.

संस्कृत नाटके सुखान्त असत. मग शोकात्मता ही केवळ पाश्चात्त्यांची देणगी आहे का?

नाटकांपुरते पाहिले तर संकेत सुखान्ताचाच होता, हे खरे. भासाच्या नावावर असलेल्या 'ऊरुभंगा'सारखी, रंगमंचावर दुर्योधनाचा मृत्यू दाखवणारी कृती हा अपवादच. पण नाटक म्हणजे सगळे वाङ्मय नव्हे. क्रौंचवधाच्या कथेत आदिकाव्याचा उगमच शोकातून झालेला सांगितला आहे. महाभारतात युद्ध जिंकल्यावर पांडवांच्या हाती काय उरते, हे ज्याने स्त्रीपर्व आणि मौसलपर्व वाचले आहे, त्याला वेगळे सांगावे लागणार नाही. नवव्या शतकातल्या आनंदवर्धनाने तर यादवांच्या आणि पांडवांच्या त्या विरस करणाऱ्या अखेरीवर बोट ठेवूनच महाभारताचा प्रधान रस शांत असल्याचे प्रतिपादन केले.

आणि ग्रीकांची बाजूही वाटते तितकी एकरंगी नाही. एस्किलसच्या 'ओरेस्टिया' या नाट्यत्रयीचा शेवट समेटात होतो. स्वतः ॲरिस्टॉटल एका प्रकरणात दुःखान्ताची बाजू घेतो आणि पुढच्याच प्रकरणात, ऐन वेळी ओळख पटून अनर्थ टळतो अशा कथानकाला सर्वांत वरचे स्थान देतो. त्याच्या भाष्यकारांना या विसंगतीने शतकानुशतके काम पुरवले आहे.

शेवट सुखाचा केला तर असे काय बिघडते?

हा प्रयोग प्रत्यक्ष झालेला आहे, त्यामुळे उत्तर अंदाजाने देण्याची गरज नाही. शेक्सपिअरच्या 'किंग लिअर'मध्ये अखेरीस म्हातारा राजा आपल्या धाकट्या मुलीचे, कॉर्डेलियाचे, प्रेत हातांवर घेऊन येतो. तिचा श्वास काचेवर उमटतो का हे पाहण्यासाठी तो आरसा मागतो. मग एक पीस हलल्यासारखे त्याला वाटते आणि ती जिवंत असेल तर आजवरची सगळी दुःखे भरून निघतील, असे तो म्हणतो. ती जिवंत नसते. १६८१ मध्ये नाहम टेट याने या नाटकाची नवी आवृत्ती केली. तिच्यात लिअरला राज्य परत मिळते, कॉर्डेलिया वाचते आणि तिचे एडगरशी लग्न ठरते. हीच आवृत्ती इंग्लंडच्या रंगभूमीवर सुमारे दीडशे वर्षे चालली. एडमंड कीन या नटाने १८२३ मध्ये शोकान्त परत आणण्याचा प्रयत्न केला, आणि मॅक्रिडी या दुसऱ्या नटाने १८३८ मध्ये मूळ संहिता बऱ्याच अंशी रंगमंचावर आणली.

प्रेक्षकांना नावे ठेवण्याचे कारण नाही. सॅम्युएल जॉन्सनसारख्या कणखर समीक्षकानेही कबूल केले होते की कॉर्डेलियाच्या मृत्यूने आपण इतके हादरलो की संपादक म्हणून वाचणे भाग पडेपर्यंत ते शेवटचे प्रवेश पुन्हा वाचण्याचे धैर्य आपल्याला झाले की नाही, हे सांगता येत नाही. आणि यातली खरी गंमत पुढेच आहे: शेक्सपिअरपूर्वीच्या, १६०५ मध्ये छापल्या गेलेल्या, याच राजावरील जुन्या नाटकात कॉर्डेलिया जिवंतच राहते. म्हणजे टेटने सुखान्त 'घुसवला' असे म्हणण्यापेक्षा शेक्सपिअरने तो काढून टाकला होता, असे म्हणणे अधिक बरोबर.

सुखान्तामुळे काय गेले? टेटला विदूषक वगळावा लागला, कारण राजाला त्याचा मूर्खपणा सतत ऐकवणारे पात्र त्या नव्या जगात बसेना. एक शेवट बदलण्यासाठी त्याला मागचे सगळे नाटक सैल करावे लागले. डिकन्सच्या 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'चे उदाहरण याहून नाजूक आहे. लिटन या कादंबरीकार मित्राच्या सल्ल्यावरून त्याने १८६१ मध्ये नायक-नायिकेच्या कायमच्या ताटातुटीचा शेवट बदलून त्यांना हातात हात देऊन बागेतून बाहेर काढले; पण शेवटच्या वाक्याची रचना अशी ठेवली की ती दोघे पुढे एकत्र राहिली की नाही, यावर वाचक अजून भांडतात. हा शेवट मला वाईट वाटत नाही. बदल गोड होता म्हणून पुस्तक बिघडले नाही, कारण डिकन्सने मागचे काही पुसले नाही.

विसाव्या शतकात हा सूर अधिक गडद झाला का?

झाला, आणि त्याची कारणे केवळ महायुद्धांत शोधू नयेत. व्हिक्टोरियन इंग्लंडमध्ये कादंबऱ्या मोठ्या प्रमाणावर फिरत्या वाचनालयांतून वाचल्या जात. म्यूडीसारखे वाचनालय 'कुटुंबात वाचण्याजोगे' नाही असे पुस्तक ठेवत नसे आणि त्यामुळे लेखक-प्रकाशकांचा हात आखडत असे. १८९४ नंतर या वाचनालयांना सोयीची असलेली तीन खंडांची कादंबरी झपाट्याने अस्तंगत झाली आणि तो धाक ओसरला. तरीही १८९५ मध्ये थॉमस हार्डीच्या 'ज्यूड द ऑब्स्क्युअर'वर एवढी झोड उठली की एका बिशपने आपण ते पुस्तक आगीत टाकल्याचे जाहीर केले. हार्डी १९२८ पर्यंत जगला. नवी कादंबरी मात्र त्याने लिहिली नाही, कविताच लिहिली.

पुढच्या काळात जगाला कोणीतरी न्यायाने चालवते आहे, हा विश्वास डळमळला आणि शेवटी सगळ्यांचा हिशेब चुकता करणारे कथानक लेखकांनाच खोटे वाटू लागले. विश्राम बेडेकरांची 'रणांगण' १९३९ ची, म्हणजे युद्ध पेटले त्याच वर्षाची. बोटीवरच्या काही दिवसांच्या सहवासातून फुललेले एक प्रेम आणि जर्मनीतून परागंदा झालेल्या ज्यू माणसांना जगात कोठेच न उरलेला थारा, या दोन गोष्टी तिच्यात शेजारी शेजारी आहेत. त्या प्रेमाचे भले झालेले दाखवायचे, तर लेखकाला बाहेरच्या जगाकडे पाठ फिरवावी लागली असती.

सुखी माणसांविषयी गंभीर कादंबरी लिहिताच येत नाही का?

येते, पण ते काम अवघड आहे. वाईट घटनांचा ठसा मनावर चांगल्या घटनांपेक्षा खोल उमटतो, असे रॉय बाऊमाइस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये अनेक अभ्यासांचा आढावा घेऊन मांडले. त्यामुळे दुःखाच्या प्रसंगाला वाचकाचे लक्ष आयते मिळते आणि सुखाच्या प्रसंगाला ते कमवावे लागते. सुखाला क्रमही नसतो. आजचा आनंदाचा दिवस कालच्यासारखाच असतो, आणि कथेला तर 'मग काय झाले?' हा प्रश्न लागतो.

सगळी सुखी कुटुंबे एकसारखीच असतात, हे टॉलस्टॉयचे वाक्य या संदर्भात इतके वापरले गेले आहे की त्याच्याच कादंबरीने ते खोडून काढले आहे, याकडे लक्ष जात नाही. 'ॲना कॅरेनिना'मध्ये लेव्हिनच्या लग्नाच्या दिवशी चर्चमध्ये पाहुणे आणि घरी वधू खोळंबली आहे आणि नवरदेव मात्र विजार घालून, पण कोट-जाकिटाशिवाय खोलीत येरझारा घालतो आहे, कारण नोकराने सगळे सामान बांधून पाठवताना एक धुतलेला सदरा मागे ठेवला नाही. त्या सदऱ्यापायी चाललेली तारांबळ, वाट पाहणाऱ्या किटीच्या मनातली धाकधूक आणि नंतर दोघांच्या चेहऱ्यावरचा सुटकेचा भाव, हे सगळे फक्त त्या दोघांचेच आहे. दुसऱ्या कोणत्याही सुखी जोडप्याला ते चिकटवता येणार नाही. ॲनाच्या वाट्याचा काळोख जितक्या बारकाईने लिहिला आहे, तितक्याच बारकाईने हे सुखही लिहिले आहे. बहुतेक लेखक सुखाला एवढे कष्ट देत नाहीत, हे माझे मत आहे आणि त्यात लेखकांवर थोडा ठपका आहे.

विनोदी लेखनाला गंभीर साहित्यात स्थान का मिळत नाही?

मिळते, पण उशिरा आणि थोडे संकोचाने. पु. ल. देशपांडे यांच्या 'व्यक्ती आणि वल्ली'ला १९६५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. मात्र त्या पुस्तकातल्या अंतू बर्व्याच्या तिरकस बोलण्याखाली किती एकटेपणा साचला आहे, हे ज्याच्या ध्यानात येईल, त्याला हसू आणि काळोख यांची विभागणीच संशयास्पद वाटू लागेल. विनोदाची एक अडचण अशी की तो फसला तर सगळ्यांना कळते. इंग्रजीतल्या विनोदी कादंबरीसाठी असलेला वुडहाउस यांच्या नावाचा पुरस्कार २०१८ मध्ये कोणालाच दिला गेला नाही, कारण परीक्षकांना एकमताने खदखदून हसवणारे पुस्तक त्या वर्षी सापडले नाही. गंभीर कादंबरीच्या परीक्षकांनी 'आम्हांला पुरेसे वाईट वाटले नाही' म्हणून पुरस्कार रोखल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही.

कित्येकदा विनोद पुस्तकात असतोच, फक्त कीर्तीच्या ओझ्याखाली दबलेला असतो. 'द चेरी ऑर्चर्ड' हे आपले नाटक सुखात्मिका आहे, असे चेकॉव्ह आग्रहाने सांगत राहिला आणि १९०४ मध्ये स्टॅनिस्लाव्हस्कीने ते शोकात्मिकेच्या अंगाने बसवले. नेमाड्यांची 'कोसला' (१९६३) विषण्ण कादंबरी म्हणून ओळखली जाते. पण वसतिगृहातल्या प्रसंगांवर हसून लोळलेले वाचक पुष्कळ आहेत, आणि निवेदकाच्या धाकट्या बहिणीच्या, मनीच्या, मृत्यूचा घाव इतका खोल बसतो याचे एक कारण तोवर आपण त्याच्याबरोबर मनसोक्त हसलेलो असतो, हे आहे.

असे लिहिणारे लेखक स्वतः दुःखी असतात का?

काही असतात, काही नसतात, आणि पुस्तकावरून ते ओळखता येत नाही. काफ्काने 'द ट्रायल'चे पहिले प्रकरण मित्रांना वाचून दाखवले, तेव्हा तो स्वतःच इतका हसत होता की मधूनमधून त्याला वाचता येईना, अशी आठवण त्याचा मित्र मॅक्स ब्रॉड याने नोंदवली आहे. कादंबरी पूर्ण करण्यासाठी जी चिकाटी लागते, ती खचलेल्या मनाला सहसा झेपत नाही.

पुरस्कार देणारे आणि समीक्षक काळोखाला झुकते माप देतात का? ओढूनताणून आणलेला काळोख कसा ओळखावा?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर, माझ्या समजुतीप्रमाणे, बऱ्याच अंशी होय असे आहे. अत्याचार, युद्ध, व्याधी असे विषय मुळातच वजनदार असतात आणि विषयाचे वजन लेखनाच्या खात्यावर जमा करण्याचा मोह परीक्षकालाही होतो. मलपृष्ठावर 'अस्वस्थ करणारी' असे छापणे हा प्रकाशकांचा शिरस्ता झाला आहे. हे ध्यानात आल्यावर काही लेखक काळोखापासूनच सुरुवात करतात, आणि येथेच घोटाळा होतो. परिणामांचा माग काढताना वाटेत भेटलेला काळोख निराळा आणि आधी ठरवून मग त्याच्या सोयीने घडवलेली माणसे निराळी.

ओळखण्याची पक्की कसोटी नाही, पण काही खुणा आहेत. बनावट काळोखात पात्रांजवळ गमावण्यासारखे काहीच नसते. ती पहिल्या पानापासून पिचलेली असतात, त्यामुळे शंभराव्या पानावर त्यांचे आणखी वाईट झाल्याने वाचकाला काही वाटत नाही. आयोनाला मुलाविषयी नेमके काय सांगायचे आहे, हे चेकॉव्ह नोंदवतो: तो कसा आजारी पडला, मरण्यापूर्वी काय म्हणाला, इस्पितळात त्याचे कपडे आणायला कसे गेलो. बनावट लेखनात त्या ठिकाणी 'अथांग पोकळी' आणि 'निरर्थकता' असे शब्द असतात. लहान मुलाचा मृत्यू किंवा बलात्कार यांचा उपयोग केवळ कथानकाला धक्का देण्यासाठी केलेला असेल आणि चार पानांनंतर पुस्तकालाच त्याचा विसर पडला असेल, तर वाचकाने संशय घ्यावा. क्रूर माणसाला एखादा क्षण दयाळू होण्याची मुभा लेखक देतो का, हेही पाहावे. ती मुभा नसेल, तर तो वास्तवाकडे डोळे उघडून पाहतो आहे हा त्याचा दावा पोकळ ठरतो, कारण वास्तवात अशी माणसे पदोपदी भेटतात.

अशा वाचनाचा मनावर वाईट परिणाम होतो का? की त्याने सहानुभूती वाढते?

दोन्ही बाजूंनी अतिशयोक्ती केली जाते. गटे या जर्मन लेखकाच्या १७७४ च्या 'वेर्थर'मुळे तरुण आत्महत्या करतील या भीतीने पुढच्याच वर्षी लाइप्झिगमध्ये त्या कादंबरीवर बंदी आली होती, आणि १९७४ मध्ये डेव्हिड फिलिप्स या समाजशास्त्रज्ञाने 'वेर्थर परिणाम' (म्हणजे अनुकरणातून होणाऱ्या आत्महत्या) ही संज्ञा रूढ केली. मात्र त्याचा अभ्यास वृत्तपत्रांत ठळकपणे छापलेल्या आत्महत्येच्या बातम्यांचा होता, कादंबऱ्यांचा नव्हे. दुसऱ्या टोकाला, २०१३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात किड आणि कास्टानो यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांवरून, साहित्यिक कथेचा छोटा उतारा वाचल्यानेही इतरांच्या मनातले ओळखण्याची क्षमता वाढते, अशी हवा झाली. २०१६ मध्ये इतर संशोधकांनी ते प्रयोग पुन्हा केले, तेव्हा तसा परिणाम आढळला नाही. कादंबरीला औषध किंवा विष ठरवण्याची ही घाई मला अनावश्यक वाटते.

व्यवहारात एवढे सांगता येईल की नुकताच एखादा मृत्यू, आजारपण किंवा फारकत सोसलेल्या माणसाने त्याच विषयावरचे पुस्तक निग्रहाने पूर्ण करण्यात काही पुरुषार्थ नाही. काहींना अशा वेळी तेच पुस्तक सोबत करते, तर काहींना ते असह्य होते. जॉन्सनला 'लिअर' मिटून ठेवावासा वाटला, हे विसरू नये. आणि मनात स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील, तर पुस्तक बाजूला ठेवून जवळच्या माणसाशी आणि डॉक्टरांशी बोलावे.

या प्रकारचे साहित्य वाचायला सुरुवात कोठून करावी?

कथेपासून करावी, सहाशे पानांच्या कादंबरीपासून नव्हे. कथा एका बैठकीत संपते, त्यामुळे तिचा सूर आपल्याला मानवतो की नाही, हे तासाभरात समजते. आयोनाची कथा तर दहा-बारा पानांहून मोठी नाही. एकाच लेखकाचा अख्खा संग्रह सलग वाचून काढू नये, जी. ए. कुलकर्णी यांच्यासारख्या कथाकाराच्या दोन कथांच्या मध्ये काही दिवस जाऊ दिले, तर दुसरी कथा पहिलीच्या सावलीत वाचली जात नाही. पहिल्या वाचनात कथेचा अर्थ शोधण्यापेक्षा, काय बिघडले आणि ते नीट करण्याची संधी कोणाला होती, एवढेच पाहावे. पन्नास पाने वाचूनही पात्रांचे पुढे काय होते याची उत्सुकता वाटत नसेल, तर पुस्तक कितीही नावाजलेले असले, तरी ते खुशाल परत करावे.